हडपसरचे गुंठे, मगरांचा पट्टा

१८०२ सालच्या दिवाळीत पुण्याच्या पूर्वेला तोफा धडधडत होत्या. २५ ऑक्टोबरला यशवंतराव होळकरांच्या फौजेनं हडपसर, वानवडी आणि घोरपडीच्या माळांवर शिंदे-पेशव्यांच्या सैन्याचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणं सोडून पळाला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यानं वसईला इंग्रजांशी तह केला. मराठी राज्याच्या इतिहासात हडपसरचं नाव ठळकपणे येतं ते त्या एका दिवसापुरतं. पुढे पानं उलटत जातात आणि गाव मागे पडतं.

पुण्याचा इतिहास सांगणारे कसब्यातून निघतात, शनिवारवाड्यापाशी रेंगाळतात, लकडी पूल ओलांडून डेक्कनवर येतात आणि कोथरूडला पोचून थांबतात. लष्कराच्या पलीकडे, सोलापूर रस्त्यानं पूर्वेला फारसं कुणी जात नाही. मला हे कायम खटकत आलं आहे. पेशवाई संपल्यानंतर पुणं कशानं वाढलं, हे समजून घ्यायचं तर पेठांपेक्षा हडपसर जास्त सांगतं. कालव्याचं पाणी, ऊस, वाटण्या, कारखाने, गुंठेवारी, आणि शेवटी शेतकऱ्यांनी स्वतःच उभं केलेलं एक अख्खं नगर, हे सगळं इथं काही मैलांच्या परिसरात, एकावर एक रचलेलं आहे.

गावाची जागाच मोक्याची. शहरातून येणारा रस्ता इथं फुटतो. एक फाटा सोलापूरकडे जातो आणि दुसरा दिवेघाट चढून सासवडला. आषाढीच्या वारीत हे दरवर्षी डोळ्यांना दिसतं. ज्ञानोबा आणि तुकोबांच्या पालख्या पुण्यातला मुक्काम आटोपून हडपसरला विसाव्याला थांबतात आणि इथून त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. माउली घाटाकडे वळतात, तुकोबा लोणी काळभोरकडे. त्या दिवशी गावातली जुनी घरं वारकऱ्यांना चहा, पोहे, केळी वाटायला रस्त्यावर उतरतात. आता या घरांच्या मागे दहा-बारा मजली इमारती उभ्या असतात, पण वाटणारी माणसं बहुतेक तीच, तीच आडनावं. एरवी इतके लोक एका जागी दिसतात ते गाडीतळावर. सासवडला, उरुळी कांचनला, लोणीला जाणाऱ्या गाड्या, बसची वाट पाहणारे कामगार, भाजीचे हारे. रस्त्याच्या फाट्यावर वसलेल्या गावाचा हा स्वभावच आहे. येणारा-जाणारा इथं थांबतो, आणि कधीकधी राहूनच जातो.

पण नुसत्या रस्त्यानं हडपसर मोठं झालं नसतं. ते मोठं झालं पाटाच्या पाण्यानं.

पुण्याच्या नैऋत्येला खडकवासल्याला मुठेवर इंग्रजांनी धरण बांधलं. काम १८७९ च्या सुमारास पुरं झालं. कर्नल फाइफ या अभियंत्याच्या नावावरून तलावाला लेक फाइफ म्हणत. पुणं आणि खडकी इथल्या लष्कराला पाणी पुरवणं हा एक उद्देश होता, आणि पूर्वेकडच्या अवर्षणी पट्ट्यात शेती भिजवणं हा दुसरा. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानं दख्खन होरपळून निघत होती, त्याच काळात हे पाणी हवेली तालुक्यातल्या शिवारांत पोचायला लागलं. उजवा कालवा शहराच्या दक्षिणेला वळसा घालत हडपसरच्या अंगानं पुढे गेला. जिथं बाजरी आणि ज्वारी पावसाच्या भरवशावर होत होती, तिथं ऊस उभा राहिला. गुऱ्हाळं लागली. पुण्याच्या बाजारात गूळ जाऊ लागला आणि पहाटे बैलगाड्यांतून भाजी. मांजरी, मुंढवा, फुरसुंगी आणि हडपसर ही शहराच्या स्वयंपाकघराला भाजी पुरवणारी गावं झाली.

बागायती जमीन हाती असणं म्हणजे काय, हे ज्यांनी शेती केली आहे त्यांना सांगायला नको. पाण्याची पाळी, चारीवरची भांडणं, रात्री दारं धरायला जाणं, उसाला घालायचं शेणखत, गुळाचा भाव पडल्याची बातमी. पाण्यानं कष्ट वाढवले आणि पैसाही आणला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ही मंडळी भांडवली शेतकरी झाली. पीक घ्यायचं ते विकायला, हे त्यांना फार लवकर कळलं.

याचा एक पुरावा सोलापूर जिल्ह्यात आहे. सासवडच्या परिसरातले माळी शेतकरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नवनव्या कालव्यांच्या मागे निघाले. जिथं पाट आला तिथं खंडानं जमिनी घेऊन त्यांनी ऊस लावला. शेवटी १९३२ साली त्यांनी माळशिरस तालुक्यात सासवड माळी शुगर फॅक्टरी ही स्वतःची कंपनी काढली आणि भोवती माळीनगर वसवलं. प्रवरानगरचा सहकारी कारखाना अजून पुष्कळ दूर होता. दिवेघाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंतच्या या मुलखातल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन कंपनी काढणं, भागधारक होणं आणि कारखान्याभोवती गाव उभं करणं हे नव्वद वर्षांपूर्वीच घडून गेलं होतं. हे लक्षात ठेवलं पाहिजे, कारण पुढे हडपसरात जे झालं त्याचं कौतुक करताना बरेच जण ते आभाळातून पडल्यासारखं सांगतात.

पाण्यानं समृद्धी आणली, तरी एका गोष्टीवर त्याचा इलाज नव्हता: वाटण्या. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास शहराजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची बारकाईनं पाहणी केली आणि १९१७ साली ती पुस्तकरूपानं प्रसिद्ध केली. त्यांना आढळलं की १७७१ साली त्या गावात सरासरी खातं चाळीस एकरांचं होतं, आणि १९१४-१५ मध्ये ते सात एकरांवर आलेलं होतं. १५६ खातेदारांच्या जमिनी ७२९ तुकड्यांत विखुरलेल्या होत्या आणि त्यांतले निम्म्याहून जास्त तुकडे एकराच्या आतले. आज पिंपळे सौदागरला गेलात तर शेत दाखवायलाही सापडणार नाही. पण मान यांनी जे मोजलं ते पुण्याभोवतीच्या प्रत्येक गावाला लागू होतं, हडपसरलाही. आजोबांचा मळा चार मुलांत, मग अकरा नातवांत. विहीर सामाईक, आंब्याचं झाड सामाईक, बांध मात्र प्रत्येकाचा वेगळा. स्वातंत्र्य मिळालं त्याच साली, १९४७ मध्ये, मुंबई सरकारनं तुकडेबंदीचा कायदा केला. कायदा कागदावर राहिला आणि तुकडे पडत राहिले.

मग कारखाने आले. किर्लोस्कर न्यूमॅटिक हडपसरला १९५८ मध्ये सुरू झाली. मुंढव्याला भारत फोर्जची स्थापना १९६१ मधली आणि तिथून प्रत्यक्ष उत्पादन बाहेर पडू लागलं १९६६ मध्ये. त्याच १९६६ मध्ये पूनावालांच्या घोड्यांच्या स्टडफार्मलगत सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. शर्यतीच्या कामातून बाद झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला रक्तद्रव्य काढण्यासाठी दिले जात. ते आपणच इथं काढावं, या विचारातून निघालेला तो उद्योग. २०२१ मध्ये कोविडच्या लसीच्या कुप्या हडपसरच्या फाटकातून बाहेर पडून जगभर गेल्या, तेव्हा कित्येक मराठी वाचकांनी हे गाव नकाशावर पहिल्यांदा शोधलं असेल.

कारखान्यांबरोबर माणसं आली. सोलापूर, उस्मानाबाद, लातूर, बीड, नगर इथून सोलापूर रस्त्यानं येणाऱ्याला पुण्याचं पहिलं दार हडपसरच. १९७२ च्या दुष्काळात ही रीघ वाढली. त्याआधी १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि त्याच्या लोंढ्यात खडकवासल्याचं धरणही गेलं. पुण्याच्या आठवणीत तो दिवस म्हणजे पेठांत शिरलेलं पाणी. कालव्याखालच्या शेतकऱ्यांना मात्र त्याचा दुसरा अर्थ भोगावा लागला: धरणच नाही तर पाटाला पाणी कुठून? धरण पुन्हा उभं राहिलं, पण तोवर शहराची तहान वाढली होती, आणि पुढच्या दशकांत खडकवासल्याच्या पाण्यावर पहिला हक्क नळाचा की शेताचा हा वाद दर उन्हाळ्याला ठरलेलाच झाला. साठच्या दशकातच हडपसर पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आलं. सातबाऱ्यावर शेती, घरपट्टी महापालिकेची, आणि रस्त्याला दिवा कधी येणार ते ठाऊक नाही, अशी ही अधली-मधली अवस्था बरीच वर्षं टिकली.

याच अवस्थेत गुंठा जन्माला आला. म्हणजे माप जुनंच, चाळीस गुंठ्यांचा एकर, एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. पण शेतकरी जमीन एकरात बोलत असे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तो गुंठ्यात बोलू लागला, कारण घेणारा गुंठ्यात मागत होता. कारखान्यातल्या कामगाराला शहरात घर परवडणारं नव्हतं. त्याला एक-दीड गुंठा हवा होता. शेतकऱ्याला मुलीच्या लग्नाला, आजारपणाला, सोसायटीचं कर्ज फेडायला पैसा हवा होता. चुन्याच्या फक्कीनं शेतात रेघा मारल्या जात. बिगरशेती परवानगी नाही, आराखडा मंजूर नाही, खरेदीखत होत नाही म्हणून मुद्रांकाच्या कागदावर साठेखत किंवा कुलमुखत्यारपत्र, आणि रस्ता म्हणून दोन प्लॉटांच्या मधली दहा-पंधरा फुटांची बोळ. पुढे हे इतकं सार्वत्रिक झालं की २००१ साली राज्याला गुंठेवारी नियमित करण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

गुंठेवारीतल्या लोकांना नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवणार नाही. त्या बोळांतल्या घरांनी पुण्याला कामगार दिले, रिक्षावाले दिले, परिचारिका दिल्या, आणि त्यांच्या मुलांनी शिकून पुढच्या पिढीचं घर वर चढवलं. सरकारनं किंवा महापालिकेनं त्यांच्यासाठी त्या किमतीत घर बांधलं नव्हतं. माझं दुःख वेगळं आहे. जमीन अशी फक्कीच्या रेघांनी गेली तेव्हा शाळेची जागा गेली, मैदानाची गेली, गटाराची आणि झाडांची गेली, आणि विकणाऱ्याच्याही हाती शेवटी काही राहिलं नाही. एकदाच आलेला पैसा गाडीत, लग्नात, कोर्टात आणि निवडणुकीत जातो, हे पुण्याभोवतीच्या प्रत्येक गावातली माणसं स्वतःच सांगतात. अंगावर सोनं घालून फिरणाऱ्या गुंठामंत्र्यावर शहर हसलं. त्याच्या भावानं विकलेल्या रानावर बांधलेल्या सोसायटीत रात्रीचा पहारा देणारा चुलता त्या हसणाऱ्यांना दिसला नाही.

यात घराघरातलं अजून एक दुखणं मिसळलं. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात बदल करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला. जमिनीला भाव आलेला, आणि आता खरेदीखतावर बहिणीची सही लागणार. काही घरांनी बहिणीला तिचा वाटा दिला. कितीतरी घरांत राखी बांधायला आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवलं गेलं. माहेर तुटू नये म्हणून तिनं सही केली, किंवा केली नाही आणि माहेर तुटलं. पुणे जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयांत वाटपाचे जे दावे पडून आहेत त्यांतला मोठा भाग हा या काळाचा वारसा आहे. शहर वाढतं ते कुणाच्या तरी घरात दुभंग पाडून, हे नकाशावर दिसत नाही.

अशा सगळ्या धामधुमीत मगरांचा पट्टा अजून हिरवा होता. हडपसर आणि मुंढव्याच्या मधली, चारशे एकरांहून थोडी जास्त अशी ती सलग बागायती जमीन. खातेदार सुमारे सव्वाशे कुटुंबं, त्यांतली पुष्कळशी मगर आडनावाची आणि एकमेकांच्या नात्यातली. १९८२ साली महापालिकेचा नवा विकास आराखडा मसुद्याच्या रूपात आला आणि १९८७ मध्ये तो मंजूर झाला. त्यात ही जमीन पुढे शहरीकरण होणारा भाग म्हणून दाखवली गेली. आता काय होणार ते शेतकऱ्यांना शेजारीपाजारी दिसतच होतं. एक तर सरकार आरक्षणाखाली किंवा कमाल धारणा कायद्याखाली जमीन घेणार आणि मोबदल्यासाठी खेटे घालायला लावणार. नाहीतर बिल्डर एकेकाला गाठणार, आधी रस्त्याकडेचा खातेदार फोडणार, मग मागच्याची वाट अडवून त्याला पडत्या भावात विकायला लावणार.

सतीश मगर हे कृषी पदवीधर, याच पट्ट्यातल्या जमीनधारक कुटुंबातले. त्यांनी आणि भावकीतल्या जाणत्यांनी जी कल्पना मांडली ती ऐकायला साधी होती. कुणीही जमीन विकायची नाही. सगळ्यांनी ती एकत्र करायची, स्वतःची कंपनी काढायची, ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे भाग, आणि नगर आपणच बांधायचं. ऐकायला साधी, पण घराघरात बसून पटवायला वर्षं लागली. म्हाताऱ्यांचा प्रश्न रास्त होता: सातबाऱ्यावरचं नाव गेलं की मागे काय उरलं? कंपनीचा कागद म्हणजे जमीन नव्हे. भावकीतली जुनी भांडणं होती, बांधाचे वाद होते, कुणाचा दावा कोर्टात होता. ज्याची जमीन हमरस्त्याला लागून आहे आणि ज्याची आत, दोघांना एकरी एकच मोल का, असंही विचारलं गेलं असणार, कारण पुण्याभोवतीच्या कुठल्याही गावात हा प्रश्न पहिला येतो. १९९३ मध्ये प्रस्ताव राज्य सरकारपुढे गेला. मंजुऱ्या मिळवण्यात आणखी काही वर्षं गेली. २००० साली बांधकाम सुरू झालं. हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांनी आराखडा केला.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. भागधारक होणं ही पहिली पायरी होती. दुसरी म्हणजे, नगर बांधताना लागणारी कामं शेतकऱ्यांच्याच मुलांना देणं. खोदाई, विटा-वाळू पुरवणं, वाहतूक, फरश्या, बागा, साफसफाई, देखभाल अशी कंत्राटं त्यांना मिळत गेली आणि त्यासाठी त्यांना शिकवलं गेलं. उसाला पाणी धरणारा मुलगा लहानसा व्यावसायिक झाला. घरं विकली गेली, पण संगणक कंपन्यांसाठी बांधलेल्या सायबरसिटीच्या इमारतींतून भाड्याचं उत्पन्न येत राहिलं. जमिनीचे पैसे एकदाच हाती येऊन संपण्याऐवजी ते हप्त्यानं, वर्षानुवर्षं येणं, हा फरक गुंठेवारीशी ताडून पाहिला की कळतो. पाटाच्या पाण्यावर ऊस घेणाऱ्यानं खोडवा राखावा, तसं हे उत्पन्न पुन्हा पुन्हा फुटत राहिलं.

नगरही नीट झालं. सुमारे तीस टक्के जागा बागा आणि मोकळ्या मैदानांना ठेवली गेली. घराघरात ओला-सुका कचरा वेगळा करायचा, ओल्याचं खत आणि गॅस तिथंच तयार करायचा, छपरांवर सौर बंब, अशा गोष्टी तिथं सुरुवातीपासून आहेत. हे आज ऐकताना विशेष वाटणार नाही. पण हडपसरच्या पुढे उरुळी देवाची आणि फुरसुंगी इथं पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं डोंगर करून टाकला गेला, विहिरी नासल्या, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला आपला कचरा आपल्याच हद्दीत जिरवणाऱ्या वस्तीचं मोल कळेल.

बाहेरच्या जगाशी तुलना करायचीच तर दोन उदाहरणं जवळची वाटतात. इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उद्याननगरीची कल्पना मांडली आणि १९०३ मध्ये लेचवर्थ उभारायला घेतलं. जमीन सामाईक मालकीत ठेवायची, नगर वाढेल तशी जमिनीची वाढती किंमत नगरालाच मिळावी, हा तिचा गाभा. दुसरं उदाहरण उलट बाजूचं. अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशातली शेकडो छोटी गावं रेल्वे कंपन्यांनी आधी कागदावर आखली. चौकोनी गल्ल्या, मधोमध स्टेशन, धान्याचं कोठार, एक मुख्य रस्ता. भूखंड विकले आणि मग गाव वसलं. ती आखणी इतकी सरळ होऊ शकली, कारण तिथल्या मूळ आदिवासींना आधीच हुसकून लावलं होतं. आखणाऱ्याच्या नकाशावर जुन्या मालकाचं नावच नव्हतं. हडपसरला कोरा कागद कधीच नव्हता. इथं प्रत्येक गुंठ्यावर कुणाचं तरी नाव, कुणाचा तरी पणजोबा, एखादा म्हसोबा, एखादी विहीर. त्या नावांना पुसून टाकण्याऐवजी त्यांनाच भागीदार करून नगर आखता येतं, हे मगरपट्ट्यानं दाखवलं.

खरं म्हणजे हे ज्ञान पुण्याकडे आधीपासून होतं. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याखाली भांबुर्डा, म्हणजे आजचं शिवाजीनगर, आणि संगमवाडी इथं नगररचना योजना झाल्या. सगळ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि सार्वजनिक जागा काढून घ्यायच्या, आणि प्रत्येकाला थोडा लहान पण सरळ, रस्त्याला लागलेला अंतिम भूखंड परत द्यायचा, ही त्यांची रीत. गुजरातनं ती टिकवली. महाराष्ट्रात ती हळूहळू मागे पडली आणि आराखड्यावर आरक्षण टाकून भूसंपादन करण्याचा मार्ग रूढ झाला. पैसा नसल्यानं आरक्षणं तशीच राहिली आणि त्यांवर गुंठे पडले. अलीकडे माण-म्हाळुंगेला प्रादेशिक विकास प्राधिकरणानं नगररचना योजना पुन्हा हाती घेतली. मधली पन्नास-साठ वर्षं आपण काय करत होतो, हा प्रश्न नगरनियोजनाच्या वर्गात विचारला गेला पाहिजे.

आता दुसरी बाजू. मगरपट्ट्याचं कौतुक करणारे बहुतेक लेख त्याच्या फाटकाच्या आत संपतात. फाटकाबाहेर सोलापूर रस्ता आहे. २००६ च्या डिसेंबरात देशातला पहिला बीआरटी मार्ग कात्रज ते हडपसर असा इथंच सुरू झाला, आणि त्याची काय अवस्था झाली ते पुणेकरांना माहीत आहे. उड्डाणपूल झाला तरी संध्याकाळी त्याच्याखाली आणि वरही गाड्या उभ्याच असतात. शेजारी अमनोरा उभं राहिलं, मॉल आले, खराडीत कार्यालयांचे मनोरे आले. प्रत्येक नगर आपल्या हद्दीत नीटनेटकं आणि दोन नगरांच्या मधला रस्ता मात्र कुणाचाच नाही. शहर म्हणजे अशा बंद नगरांची बेरीज नव्हे. वैदूवाडी, रामटेकडीच्या वस्त्या त्याच परिसरात आहेत. नगरात स्वयंपाकाला, झाडलोटीला जाणाऱ्या बायका बहुतेक तिथून किंवा गुंठेवारीच्या बोळांतून निघतात.

आणि ज्यांचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं त्यांचं काय? बागायती मळा एकट्या मालकानं कधीच पिकवला नाही. वाट्यानं करणारे होते, सालगडी होते, ऊस तोडायला आणि भाजी खुडायला येणाऱ्या मजूर बाया होत्या. कूळकायद्यानं १ एप्रिल १९५७ ला काही कुळं मालक झाली, पण मजूर मजूरच राहिले. ज्याची जितकी जमीन तितका त्याचा वाटा, हा नियम जमीनधारकांमध्ये न्यायाचा आहे. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला तो शून्य देतो. ऊस गेला तसं त्याचं काम गेलं. मगरपट्ट्याचं यश मनापासून मानूनही मला वाटतं, की पुढच्या अशा नगरात राबणाऱ्यांसाठी घरांचा ठरावीक हिस्सा आणि कंपनीत थोडा वाटा पहिल्या दिवसापासून ठेवला पाहिजे. तो ठेवता येण्यासारखा आहे, कारण जमिनीची किंमत वाढते ती मालकाच्या घामानं कमी आणि भोवतालच्या शहरामुळे जास्त.

हे बोलायची वेळ आत्ताच आहे. सिंहगड रस्त्यावर नांदेड गावच्या शेतकऱ्यांनी मगरपट्ट्याच्याच मंडळींच्या साथीनं सुमारे सातशे एकरांवर नांदेड सिटी उभी केली. पण असं करणारी गावं मोजकीच. १९९७ नंतर हद्दीत गावं येत राहिली. २०१७ मध्ये अकरा, ३० जून २०२१ ला तेवीस. महापालिकेचं क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरांच्या वर गेलं. मांजरी, शेवाळेवाडी, वाघोली, पिसोळी इथं आज जे चाललं आहे ते ऐंशीच्या दशकातल्या हडपसरसारखंच आहे, फक्त भाव वेगळे आणि फक्कीच्या रेघांच्या जागी रंगीत झेंडे. थेऊरचा यशवंत साखर कारखाना कित्येक वर्षं बंद राहिला. ऊसच नाही तर गाळप कशाचं? तरीही लोणी काळभोरच्या पुढे नदीकाठानं अजून सलग बागायत आहे, नातेवाईकांच्या नावावर आहे, आणि भावकी अजून एकमेकांशी बोलते आहे. एकत्र येण्यासाठी एवढं पुरतं. विखुरल्यावर ते होत नाही, कारण पन्नास गुंठेवाल्यांना एका सतरंजीवर बसवता येतं, पण त्यांनी पन्नास वेगळ्या माणसांना विकून झाल्यावर नाही.

आणि पाण्याचा हिशेब तर अजून चुकता व्हायचाच आहे. खडकवासल्याचं पाणी शहर पितं, म्हणून त्या बदल्यात वापरलेलं पाणी शुद्ध करून शेतीला द्यायचं, असं ठरलं. त्यासाठी मुंढव्याला नदीवर जॅकवेल बांधली. तिथून ते पाणी उपसून साडेसतरा नळीजवळ जुन्या बेबी कालव्यात सोडलं जातं आणि हवेली, दौंडकडे जातं. पुरेसं शुद्ध न होता सोडलं जातं, विहिरींना वास येतो, जमिनी खारावतात, अशी तक्रार कालव्याखालचे शेतकरी सतत करत आले आहेत. हडपसरच्या घरांत स्वच्छ पाणी येतं तेच दौंडच्या रानात काळं होऊन पोचतं. महापालिकेनं शुद्धीकरणाचे प्रकल्प पूर्ण क्षमतेनं चालवावेत आणि रोजच्या पाण्याच्या तपासणीचे आकडे त्या गावांच्या चावडीवर लावावेत. दौंडचा शेतकरी मागतो आहे ते इतकंच आहे, आणि ते द्यायला नवीन कायदा लागत नाही.